लेग पीस, मोबाइल आणि केसाहून बारीक दोरा : मायक्रोसर्जरीचा सराव कसा होतो?

मक्याच्या दाण्याला टाके घालणाऱ्या रोबोटचा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. सोनी कंपनीने २०२४ मध्ये हा रोबोट दाखवला. दोन बारीक चिमटे, मक्याच्या दाण्यावर एक चीर आणि ती शांतपणे शिवणारं यंत्र. मी तो व्हिडिओ माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला पाठवला. ती डॉक्टर आहे, सध्या प्लास्टिक सर्जरी शिकतेय आणि तेव्हा सुट्टीत नाशिकला घरी आली होती.

तिने उत्तरादाखल एक फोटो पाठवला. स्वयंपाकघरातला ओटा, स्टीलची ताटली, ताटलीत चिकनचा लेग पीस. दोन्ही बाजूंना दोन डबे, डब्यांवर आडवी लाकडी पट्टी आणि पट्टीला रबराने बांधलेला मोबाइल. खाली एकच ओळ : "हा आमचा रोबोट."

मला आधी गंमत वाटली. मग त्या रविवारी तिच्या घरी जाऊन ते प्रत्यक्ष पाहिलं, स्वतः करूनही पाहिलं आणि गंमत वाटणं थांबलं. हा लेख त्याबद्दल आहे. रोबोटबद्दल थोडा, लेग पीसबद्दल जास्त.

मायक्रोसर्जरी म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत, डोळ्यांना नीट न दिसणाऱ्या गोष्टी मायक्रोस्कोपखाली शिवणं. तुटलेलं बोट परत जोडायचं तर हाड जोडून भागत नाही. त्या बोटाला रक्त पुरवणारी धमनी, रक्त परत नेणारी शीर आणि संवेदना देणारी नस हे सगळं जोडावं लागतं. बोटातली धमनी साधारण १ मिलिमीटर जाड असते. तुमच्या मोबाइलच्या कडेला असलेलं पॉवर बटणसुद्धा तिच्यापेक्षा रुंद आहे.

त्या धमनीला जोडायचा दोरा असतो '१०-०' नंबरचा नायलॉन. शून्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका दोरा बारीक, असा हा हिशोब. १०-० ची जाडी ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरच्या दरम्यान असते. माणसाचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड भरतो. अशा दोऱ्याने एका मिलिमीटरच्या नळीच्या तोंडाला गोलाकार सात-आठ टाके घालायचे. एखादा टाका चुकून मागच्या भिंतीत अडकला, तर नळी बंद. टाके फार लांब पडले तर गळती. आतल्या थराला चिमट्याने ओरखडा गेला तर तिथे रक्ताची गुठळी धरते आणि जोडलेलं बोट दोन दिवसांत काळं पडू शकतं.

हे तंत्र तसं नवंच आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये ज्युलियस जेकबसन यांनी मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. १९६५ मध्ये जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई या सर्जन्सनी पूर्ण तुटलेला अंगठा यशस्वीपणे जोडला. सुरुवातीची बरीच हत्यारं तर सोनार आणि घड्याळजी वापरतात त्या चिमट्यांवरून घेतलेली आहेत. आजही या चिमट्यांना इंग्रजीत 'ज्वेलर्स फोर्सेप्स'च म्हणतात. आपल्या सराफ बाजारातल्या कारागिराच्या हातात तो चिमटा दिला तर त्याला तो परका वाटणार नाही.

नाशिकच्या माणसाला याच्याशी काय देणं-घेणं?

बरंच आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम करणारा एखादा तरी माणूस तुमच्या ओळखीत असेल. गावाकडे कडबाकुट्टीत बोट गेलेला कुणीतरी आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. अशा वेळी बोट वाचणार की नाही हे जवळ मायक्रोसर्जरी करणारा सर्जन आहे का, यावर ठरतं.

दुसरं कारण तोंडाचा कॅन्सर. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे, आणि तंबाखू, गुटखा, मिश्रीचं आपलं राज्य त्यात मागे नाही. जबड्याचा भाग काढल्यावर तो परत घडवण्यासाठी पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्यात बसवतात. त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडाव्या लागतात. म्हणजे परत तेच, मायक्रोस्कोप आणि बारीक टाके.

आणि २०१४ मध्ये घाटकोपर स्टेशनवर दोन्ही हात गमावलेल्या तरुणीची बातमी आठवते का? ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये तिला दोन्ही हात बसवले गेले. तीही मायक्रोसर्जरीच.

आता खरा प्रश्न असा की, हे टाके घालायला सर्जन पहिल्यांदा कुठे शिकतो? माणसावर?

टेस्टिंग आधी, प्रॉडक्शन नंतर

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवीन मुलाला पहिल्या दिवशी प्रॉडक्शन सर्व्हरचा ॲक्सेस कुणी देत नाही. आधी स्वतःच्या लॅपटॉपवर, मग टेस्ट सर्व्हरवर, मग कुणीतरी कोड तपासणार आणि शेवटी प्रॉडक्शन. ओझरच्या एचएएलमधून जी विमानं उडतात, त्यांच्या वैमानिकांनीही आधी सिम्युलेटरवर तास घातलेले असतात. मायक्रोसर्जरीत हीच उतरंड सरावाच्या मॉडेल्सची आहे. प्रत्येक पायरी वेगळी गोष्ट शिकवते.

१. रबरी हातमोजा किंवा झाडाचं पान : हातमोज्याच्या तुकड्याला चीर देऊन ती शिवायची. इथे चिमटा धरणं, सुई फिरवणं, गाठ मारणं आणि मायक्रोस्कोपखाली हात न बघता काम करणं जमतं. पान तर फारच प्रामाणिक परीक्षक. जरा जास्त ओढलं की फाटतं.

२. सिलिकॉनची नळी : आता पोकळ वस्तू आली. समोरची भिंत शिवताना मागची भिंत पकडायची नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा धडा इथे मिळतो. जपानी कोन्याकू नूडल्सवरही हा सराव करून पाहिला गेला आहे.

३. चिकन : पंखातली किंवा मांडीतली धमनी. ही खरी रक्तवाहिनी आहे, तिला थर आहेत, ती चिकटते, आक्रसते, फाटते. आधी स्नायूंच्या मधून ती शोधून मोकळी करावी लागते, हाही सरावच. जपानी न्यूरोसर्जन अकिहिको हिनो यांनी २००३ मध्ये चिकनच्या पंखातल्या धमनीवर सराव करण्याची पद्धत मांडली आणि आज ती जगभर वापरात आहे. काही ठिकाणी धमनीत रंगीत पाणी सोडून 'रक्तप्रवाह' तयार करतात, म्हणजे कुठे गळतंय ते लगेच दिसतं.

४. प्लॅसेंटा, म्हणजे वार : बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी वार, आईची परवानगी घेऊन आणि संसर्गाच्या तपासण्या करून वापरता येते. त्यात वेगवेगळ्या जाडीच्या भरपूर रक्तवाहिन्या असतात. ब्राझीलमधल्या न्यूरोसर्जन्सनी हे मॉडेल बरंच वापरलं आहे.

५. जिवंत उंदीर : भूल दिलेल्या उंदराच्या मांडीतली धमनी ही अनेक दशकं या शिक्षणाची शेवटची पायरी मानली गेली, कारण इथे खरं रक्त वाहतं आणि खरी गुठळी होते. पण हा जीव आहे. भारतात त्यासाठी सीसीएसईए या सरकारी समितीकडे नोंदणी आणि परवानगी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांबाबत रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन सूत्रं मांडली होती : जिथे जमेल तिथे पर्याय वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. चिकनवर पक्का हात बसवून आलेल्या विद्यार्थ्याला खूप कमी उंदीर लागतात, हे साधं गणित आहे.

मोबाइल मायक्रोस्कोप होऊ शकतो का?

आता आपल्या आवडीचा भाग. ऑपरेशनचा चांगला मायक्रोस्कोप लाखांत जातो आणि दिवसभर ऑपरेशनमध्ये अडकलेला असतो. मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे सरावासाठी मायक्रोस्कोप रात्री दहानंतर मोकळा होतो. आणि रात्री दहानंतर मी मोकळी नसते."

म्हणून मोबाइल. पण कसाही ठेवून चालत नाही. मी तिच्या सेटअपमध्ये दोन तास खटपट केली, त्यातून कळलेल्या गोष्टी :

मॅक्रो लेन्स कामाची नाही. ती वस्तूपासून दोन-चार सेंटिमीटरवर फोकस करते, मग मध्ये चिमटे घालायला जागाच राहत नाही. टेलिफोटो किंवा दोनपट झूम ठेवून मोबाइल वीतभर वर धरला की हात मोकळे राहतात.

डिजिटल झूम फार ताणू नका. तो चित्र मोठं करतो, नवीन माहिती देत नाही. १०-० चा दोरा त्यात गायबच होतो. सुरुवातीला ८-० दोरा घ्यावा.

फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर चिमटा मध्ये आला की कॅमेरा चिमट्यावर फोकस करतो आणि धमनी धूसर होते. व्हिडिओ मोड, ६० फ्रेम्स आणि बाजूने टेबल लॅम्पचा उजेड, हे सगळ्यात बरं चाललं.

तरी दोन उणिवा राहतात. पहिली, पडद्यावरचं चित्र हाताच्या किंचित मागे असतं. रील बघताना हा उशीर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण सुई फिरवताना नक्की येतो. दुसरी जास्त मोठी. खऱ्या मायक्रोस्कोपमध्ये दोन डोळ्यांसाठी दोन वेगळे प्रकाशमार्ग असतात, त्यामुळे खोली कळते. मोबाइलचं चित्र सपाट. सुई धमनीच्या वर आहे की आत, हे अंदाजाने ठरवावं लागतं. म्हणजे मोबाइल हा मायक्रोस्कोप नाही, पण हात बसवायच्या पहिल्या टप्प्यासाठी तो पुरतो.

माझा निकाल? हातमोज्याच्या तुकड्यावर पंधरा मिनिटांत एक टाका. त्याची गाठही सुटली. मी जरा जोरात श्वास सोडला आणि दोरा उडून गेला, तो सापडलाच नाही. पडद्यावर माझी बोटं भूकंप आल्यासारखी थरथरत होती. मैत्रिणीने माझी मनगटं टेबलावर दाबून ठेवली आणि म्हणाली, "हात हवेत नको. करंगळीची बाजू टेकव, फक्त बोटांची टोकं हलव." थरथर निम्म्यावर आली. हे यूट्यूबवर बघून मला कळलं नसतं.

सुश्रुताचा भोपळा आणि पुण्याचं मेण

आधी वस्तूवर, मग माणसावर, ही कल्पना पाश्चात्त्यांची देणगी आहे असं वाटत असेल तर थांबा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय, योग्यासूत्रीय, पूर्णपणे याच विषयावर आहे. 'योग्या' म्हणजे सराव. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. भोसकण्याचा सराव पाणी-चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. टाक्यांचा सराव कापडावर आणि मऊ कातड्यावर. सगळं शास्त्र पाठ असलं तरी सराव नसलेला माणूस कामाला अपात्र, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. बघा, प्रत्येक कामासाठी वेगळं मॉडेल. आजच्या यादीचंही तत्त्व हेच.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. टिपू सुलतानाच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं नाक पुण्याजवळ एका स्थानिक कारागीर वैद्याने कपाळाच्या कातडीतून नवं घडवलं. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याची हकीकत छापून आली आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला तिथून चालना मिळाली. त्यात एक छोटा तपशील आहे. वैद्याने आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक बनवलं, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्याभोवती रेघ आखून मगच कातडी कापली. चूक करायची तर मेणावर करा, कपाळावर नको.

सराव केला म्हणजे झालं का?

नाही. आणि माझ्या मते सगळी गडबड इथेच आहे.

शंभर टाके चुकीच्या पद्धतीने घातले तर चुकीची पद्धत पक्की होते. सरावाला मोजमाप हवं. लंडनमधल्या संशोधकांनी त्यासाठी एक सोपी पद्धत बसवली आहे, तिचं नाव ॲनॅस्टोमोसिस लॅप्स इंडेक्स, थोडक्यात एएलआय. जोडलेली धमनी उभी चिरायची, उघडायची आणि आतून बघायचं. टाक्यांमधलं अंतर समान आहे का, मागची भिंत अडकली का, कडा आत वळल्या का, अशा दहा प्रकारच्या चुका मोजायच्या. चिकनवर हे लगेच करता येतं. पेशंटवर कधीच करता येत नाही! मॉडेलचा खरा फायदा हाच आहे. ते स्वस्त आहे म्हणून तर चांगलं आहेच, पण ते कापून आपली चूक बघता येते म्हणून जास्त चांगलं.

मोजून केलेल्या सरावाने पेशंटला फरक पडतो का? मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल, जे मायक्रोस्कोपखालीच होतं, याचं उत्तर मिळालं आहे. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या ५० शिकाऊ डोळ्यांच्या डॉक्टरांवर एक चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना कृत्रिम डोळ्यांवर कसून सराव दिला, अर्ध्यांना नेहमीचं शिक्षण. पुढच्या वर्षभरात भिंगामागचा नाजूक पडदा फाटण्याचं प्रमाण नेहमीच्या गटात सुमारे २७ टक्के होतं, सराव केलेल्या गटात सुमारे ८ टक्के. हे आकडे परत वाचा. त्या फरकात खऱ्या माणसांचे खरे डोळे आहेत.

मग अडलंय कुठे?

पैशावर नाही. त्या रविवारचा लेग पीस शंभर रुपयांच्या आत आला होता. दोरा ऑपरेशन थिएटरमधून टाकून दिला जाणारा, मुदत संपलेला. अडलंय ते वेळेवर आणि नोंदीवर.

एमबीबीएससाठी २०१९ पासून कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आला आणि मेडिकल कॉलेजांना स्किल लॅब बंधनकारक झाली. हे चांगलंच झालं. पण मायक्रोसर्जरी येते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. एमएस, मग एमसीएच. तिथे विद्यार्थ्याला लॉगबुक ठेवावं लागतं : किती ऑपरेशन पाहिली, किती ठिकाणी मदत केली, किती स्वतः केली. आम्ही इंजिनिअर याला 'लाइन्स ऑफ कोड मोजणं' म्हणतो. संख्या कळते, दर्जा कळत नाही.

इथे नाशिकचा संबंध परत येतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याकडे, म्हसरूळला आहे. एम्स, टाटा मेमोरियल, अभिमत विद्यापीठं असे अपवाद सोडले तर राज्यातली मेडिकल कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. दिंडोरी रोडवरच्या त्या इमारतीतून निघालेलं एक परिपत्रक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गपर्यंत पोचतं. तिथून एवढंच ठरलं तर : पेशंटच्या धमनीला पहिला टाका घालण्याआधी मॉडेलवरचे ठरावीक जोड, व्हिडिओसकट आणि एएलआयसारख्या स्कोअरसकट, लॉगबुकात असले पाहिजेत. आणि त्यासाठी आठवड्यातले काही तास ड्यूटीतून मोकळे. व्हिडिओ कुठल्याही मोबाइलवर निघतो. तो नाव झाकून दुसऱ्या कॉलेजातल्या सीनियर सर्जनने तपासायचा. याला एआय लागत नाही, साधा फॉर्म पुरतो.

यावर रास्त आक्षेप आहे. चिकनला रक्तदाब नसतो, गुठळी होत नाही, रात्री तीन वाजता नातेवाईक बाहेर उभे नसतात. खरंय. मॉडेलवर पास झालेला माणूस सर्जन होत नाही. पण जो मॉडेलवरच नापास आहे, त्याने अजून पेशंटपर्यंत जाऊ नये, एवढं तरी कळतं. टेस्ट पास झाल्या म्हणजे सॉफ्टवेअर बिनचूक असतं असं नाही, म्हणून टेस्ट न लिहिता कुणी रिलीज करत नाही.

आणि तो रोबोट?

सोनीच्या म्हणण्यानुसार, जपानमधल्या आयची मेडिकल युनिव्हर्सिटीत मायक्रोसर्जरीत तज्ज्ञ नसलेल्या लोकांनीही त्या रोबोटच्या मदतीने प्राण्याची सुमारे ०.६ मिलिमीटरची रक्तवाहिनी जोडली. भारीच आहे. रोबोट हाताची थरथर गाळतो आणि हालचाल बारीक करतो. पण टाका कुठे घालायचा, धमनीचा चिरडलेला भाग किती कापून टाकायचा, जोड बंद पडतोय हे कधी ओळखायचं, हे माणसानेच ठरवायचं असतं. आणि असा रोबोट तालुक्याच्या गावापर्यंत कधी पोचेल याची वाट बघत आज तुटलेलं बोट थांबणार नाही.

जाता जाता, कामाची गोष्ट

कुणाचं बोट तुटलं तर काय करायचं हे वाचून ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या भांड्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नका. हळद, दूध काही लावू नका. १०८ ला फोन करा आणि मायक्रोसर्जरीची सोय असलेल्या हॉस्पिटलला निघण्याआधीच कळवा. वेळ तासांत मोजली जाते.

त्या रविवारी शेवटी मैत्रिणीने तिचा जोड कात्रीने उभा चिरला आणि मोबाइलखाली धरला. आठ टाके. सातवा मागच्या भिंतीत अडकला होता. तिने वहीत तारीख लिहिली, पुढे '७ - मागची भिंत' असं लिहिलं आणि फ्रिजमधून दुसरा लेग पीस काढला.